वारसा-बदल मक्याची पाटी

गिऱ्हाईक ओळखावं तर खलदूननेच! हे मी स्वतःच म्हणतो. पण तेवीस वर्षं रोज म्हणत आल्यामुळे आता ते सगळ्या गल्लीचं मत असल्यासारखं झालंय.

जॉर्डनमधल्या इरबिद शहरात आमचं किराणा दुकान आहे. वर घर, खाली दुकान. दारात पाऊल वाजलं, की चपलेच्या आवाजावरून मी सांगतो, बाई मसूर न्यायला आलीय की कालचे मसूर परत करायला. मालक म्हणाल तर माझे वडील, हाजी शिहादा. वय एक्क्याऐंशी. ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि आत काय चुकतंय ते बाहेरून सांगतात. दुकान त्यांच्या नावावर आणि माझ्या डोक्यावर, असा आमचा कारभार.

तर एके दिवशी माझी मुलगी सुलाफ तिच्या मैत्रिणीला घेऊन दुकानात आली. मैत्रिणीचं नाव रुबा. विद्यापीठात शेतीचं अर्थशास्त्र शिकते. चष्मा सारखा नाकावरून घसरतो, आणि तो वर ढकलायच्या हातात कायम पेन असल्यामुळे कपाळावर निळ्या रेघा!

"काका, मला तुमच्या दुकानात एक पाहणी करायचीय," ती म्हणाली. "वारसा-बदल पिकांचा माल असेल आणि त्यावर तसं लेबल लावलं, तर लोक तो घेतात की नाही, त्यांना काय वाटतं, ते विचारायचं."

आमच्या भाषेत अशा पिकाला वारसा-बदल पीकच म्हणतात. आधीच्या पिकाकडून बियाण्यात जे उतरतं तो त्याचा वारसा. तो प्रयोगशाळेत बदलला, की झालं वारसा-बदल. बाहेरून येणारा मका आणि सोयाबीन बरंचसं तसंच असतं, असं रुबाचं म्हणणं. शब्द सरळ आहे. त्यात घोटाळा होण्यासारखं काय आहे? मलाही असंच वाटलं होतं.

"पोरी, लेबल कोण वाचतं?" मी हसलो. "लोक किंमत वाचतात आणि माझा चेहरा वाचतात. पाहणीबिहणी कशाला? तू विचार, मी सांगतो, तू लिही. अर्ध्या तासात पदवी!"

"तसं नाही चालत, काका. एकट्या माणसाचं मत म्हणजे नमुना होत नाही."

"मी नमुना नाही? विचार तुझ्या काकूंना!"

"त्यात शंकाच नाही!" चहाचा ट्रे घेऊन जिना उतरणारी माझी बायको म्हणाली. तिचं नाव इनआम. इनाम म्हणूनच मिळाली, पण कशाबद्दल ते मला कुणी सांगितलं नाही.

रुबाने पिशवीतून लेबलं काढली. पोस्टाच्या तिकिटाएवढी! त्यावर मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं: "या फडताळावरील मालात वारसा-बदल केलेल्या पिकांचा अंश असू शकतो. ही माहिती मिळणे हा ग्राहक म्हणून आपला हक्क आहे."

"हे वाचायला दुर्बीण तू देणार की मी द्यायची?" मी विचारलं. "माझ्यावर सोड. अशी पाटी लावतो, की चौकातून वाचता येईल!"

"पण काका, मजकूर हाच हवा हं. शब्दन् शब्द."

"शब्दन् शब्द!" मी छातीवर हात ठेवला.

पाट्या करणारा बहजत माझा जुना मित्र. त्याने मजकूर पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "खलदून, ही पाटी आहे की शुक्रवारचं प्रवचन? इतके शब्द घातले, तर लांबून लोकांना वाटेल पाटीला मुंग्या लागल्यात. पाटी म्हणजे कमी शब्दांत जास्त अर्थ!"

"अर्थ तोच राहू दे म्हणजे झालं."

"अर्थ कुठे पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी पाटी आली. चार हात लांब. पांढऱ्यावर लाल. दुकानाच्या नावाच्या बरोब्बर खाली मी ती ठोकली. आता वरचं नाव आणि खालची पाटी मिळून असं वाचलं जायचं:

"हाजी शिहादा यांचे दुकान. वारसा बदलला आहे! माहिती मिळणे हा आपला हक्क आहे."

मी रस्ता ओलांडून समोरून बघितलं. चौकातून बघितलं. सुरेख दिसत होती. वडील त्या आठवड्यात नव्हते. गुडघ्यांसाठी मी त्यांना हिम्म्याच्या गरम झऱ्यांवर पाठवलं होतं. नाहीतर पाटी दोन बोटं डावीकडे झुकलीय, हे त्यांनी खुर्चीवरूनच सांगितलं असतं. रुबा पहिले दोन दिवस परीक्षेत अडकली होती. म्हणजे पाटी वाचायला गल्ली मोकळी.

सकाळी पहिल्या आल्या उम्म गालिब. गल्लीच्या तोंडाशी राहतात. टीव्हीवर बातमी येते ती त्यांच्याकडून आल्यावर, असं आम्ही म्हणतो. त्या दारात थांबल्या. पाटीकडे बघितलं. चष्मा लावून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग आत आल्या, मक्याच्या तेलाची बाटली हातात घेतली आणि हळूच म्हणाल्या, "अबू रकान, बाहेर लिहिलंय ते खरं?" अबू रकान म्हणजे मीच, रकानचा बाप; आमच्याकडे मुलाच्या नावानेच हाक मारतात.

"शंभर टक्के!"

"कधी बदलला?"

"बरीच वर्षं झाली. तुम्हाला आत्ता कळतंय, इतकंच."

"आणि इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही! अहो, सगळेच करतात. समोरचा अबू सफवान काय वेगळा आहे? तो फक्त पाटी लावत नाही. मी निदान उघड सांगतो."

उम्म गालिबनी फडताळाला धरलं. "पण हे करतात तरी कसं?"

रुबाने आदल्या दिवशी तासभर समजावलं होतं. मी तयारच होतो. "सोपं आहे! कमजोर असेल ते काढून टाकायचं. दणकट तेवढं ठेवायचं. उत्पन्न दुप्पट!"

"कमजोर ते काढून टाकायचं?"

"मग? ठेवून करायचंय काय?"

"आणि कायद्याला चालतं हे?"

"चालतं म्हणजे? बाहेरच्या देशांत तर कायद्यानेच करतात. मोठमोठे शिकलेले लोक करतात."

"फदवाला माहीत आहे? हियामला?"

या माझ्या बहिणी. थोरली फदवा झरक्याला, धाकटी हियाम मादबाला. त्या मध्येच कुठून आल्या, ते मला कळलं नाही. पण दोघींकडे माझ्याच दुकानातलं मक्याचं तेल जातं, म्हणून त्या विचारत असतील, असं वाटलं.

"त्यांना काय सांगायचंय?" मी म्हणालो. "इतकी वर्षं गुपचूप गिळतायत. एका शब्दाने तक्रार नाही!"

उम्म गालिबनी बाटली जागेवर ठेवली. अशी ठेवली, की बाटलीलाही अपमान वाटावा. "या दुकानातलं तेल माझ्या कढईत नको," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी खूश! वहीत लिहून ठेवलं: "पहिला नकार. कारण: लेबल." लोक लेबल वाचत नाहीत, हे माझंच म्हणणं मी मोठ्या मनाने मागे घेतलं. शास्त्रासाठी एवढं करायलाच हवं.

दुपारपर्यंत मक्याचं तेल कुणी नेईना. संध्याकाळी डब्यातला मका नेईना. दुसऱ्या दिवशी लेबनेहचं घट्ट दही नेईना, झातरचा मसाला नेईना, तांदूळ नेईना. तिसऱ्या दिवशी रुबा आली तेव्हा एक बाई काडेपेटी परत करत होती!

"काका, काडेपेटीत कसली जनुकं?" रुबा चक्रावली.

"घाबरलेत लोक! मीठसुद्धा नेत नाहीत."

रुबाने चष्मा वर ढकलला, कपाळावर एक नवी रेघ ओढली आणि धडाधड लिहायला लागली. "भीती एका मालावरून दुसऱ्या मालावर पसरते," असं काहीतरी. तिचे गुरुजी हे वाचून उडीच मारतील, म्हणाली. पाटीकडे तिने ओझरतं पाहिलं असावं. तिला फक्त तिचा हक्क दिसला. तो पाटीवर होताच.

मग ती फूटपाथवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागली. मी आत बसून ऐकत होतो. आत गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

"वारसा बदलला आहे, हे असं पाटी लावून सांगणं योग्य वाटतं का?"

एक निवृत्त मास्तर थांबले. "करायचं ते करायचं आणि वर पाटी लावायची? ही निर्लज्जपणाची हद्द झाली!"

"म्हणजे लेबल नको?"

"मुळात बदलूच नये! देवाने जे ठरवून दिलंय, त्यात हात घालणारे हे कोण?"

रुबाने लिहिलं: धार्मिक कारण.

एक टॅक्सीवाला म्हणाला, "मला विचाराल तर पाटी लावली ते बरं केलं. बाकीचे लपवतात. माझ्या मामाने लपवलं होतं, आजतागायत आम्हाला खरं काय ते कळलं नाही."

"याचा धोका सगळ्यात जास्त कुणाला, असं वाटतं?"

"मुलींना! दुसऱ्या कुणाला?"

"पुरुषांना नाही?"

"पुरुषांचा फायदाच होतो यात!"

रुबाचं पेन थांबलं. असं तिने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. पण पुढच्या नऊ जणांनीही तेच सांगितलं. एक म्हातारी तर रडायला लागली. "याचे परिणाम नातवंडांपर्यंत जातात गं," ती म्हणाली. "माझ्याच घरात बघ ना. चाळीस वर्षं झाली, माझ्या मुली त्यांच्या मामाच्या दारात पाय ठेवत नाहीत."

"मामा काय खायचे?" रुबाने हळुवारपणे विचारलं.

"सगळंच खाल्लं!"

त्या संध्याकाळी फदवाचा फोन आला. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, गेल्याच वर्षी निवृत्त झालीय. फोनवरसुद्धा हजेरी घेतल्यासारखं बोलते.

"बाबा कुठे आहेत?"

"हिम्म्याला. गरम पाण्यात."

"कुणी पाठवलं?"

"मी. इथे पाटी लावायची होती, सारखी लुडबुड केली असती."

ती म्हणाली, "म्हणजे पाटीचं खरं आहे."

"खरं म्हणजे? सगळं गाव बोलतंय! तू पण ये ना बघायला."

"खलदून, तू खूश आहेस ना?"

"प्रचंड!"

फोन कट झाला. लाइन खराब असेल, असं मला वाटलं.

बुधवारी अबू तराद यांच्या घरून इनआमला निरोप आला. अबू तराद म्हणजे वडिलांचे मामेभाऊ, सगळ्या नातेवाइकांत वडीलधारे. निरोप असा: "उद्या असरच्या नमाजानंतर आमची मंडळी तुमच्याकडे येताहेत. चांगल्या कामासाठी. हाजींना घरी बोलावून घ्या."

इनआमने फोन ठेवला तो नाचतच. "सुलाफला मागणी घालायला येताहेत! त्यांचा नातू इंजिनियर आहे ना? तोच!"

मलाही पटलं. मंडळी येतात ती आणखी कशासाठी? आमच्या घरात पडदे धुतले गेले, गालिचे झोडपले गेले, कुनाफा मिठाईची दोन ताटं सांगितली गेली. सुलाफ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला कुणी विचारलंय का? कोण येतोय, कशाला येतोय, काही सांगाल? माहिती मिळणं हा माझा हक्क आहे!"

"तुझ्या मैत्रिणीनेच बिघडवलंय तुला," इनआम म्हणाली.

गुरुवारी दुपारी वडील टॅक्सीने आले. टॅक्सी मागच्या गल्लीत थांबली, तिकडूनच ते वर चढले. पाटी पुढच्या अंगाला. त्यांना मी जिन्यातच सांगितलं, "बाबा, सुलाफसाठी मंडळी येताहेत." त्यांचे गुडघे त्या क्षणी जितके सरळ झाले तितके आठवडाभर गरम पाण्यात बसून झाले नव्हते!

असरची नमाज झाली आणि मंडळी आली. सतरा माणसं! पुढे अबू तराद, मागे बहिणींचे नवरे, दीर, शेजारी. बहजतसुद्धा होता. सगळ्यांचे चेहरे असे, की दात काढून घ्यायला आलेत. मागणी घालायला आलेली माणसं इतकी गंभीर कशी? मुलगा फारच शिकलेला असणार, असं मी मनाशी म्हटलं. मुलगा मात्र दिसेना.

मी स्वतः कडू कॉफीचे पेले दिले. अबू तरादनी पेला घेतला, ओठाला न लावता समोर ठेवला. मग सतरा पेले खाली टेकले. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि पाहुण्याने कॉफी न पिता उठावं यासारखी यजमानाची बेअब्रू नाही. वडील सावरून बसले.

"हाजी," अबू तराद म्हणाले, "आम्ही तुमच्या घरच्या मुलींसाठी आलोय."

मुलींसाठी? मुलगी तर एकच. पण मोठ्या माणसांचं बोलणं असंच भरदार असतं, म्हणून मी मान डोलावली.

"मुलगी म्हणजे घराची बरकत. ती दुसऱ्या घरी गेली म्हणून परकी होत नाही. तिचा हक्क तिला मिळावा, तिने कुणापुढे हात पसरू नये, एवढीच आमची इच्छा. आम्हाला रिकाम्या हाताने पाठवू नका."

"मेहरबद्दल बोलताहेत," मी वडिलांच्या कानात कुजबुजलो. "भरपूर दिसतोय!"

वडिलांचे डोळे भरून आले. ते काठी टेकत उभे राहिले. "अबू तराद, तुम्ही माझ्या दारात आलात. तुम्ही जे मागायला आलात ते मी दिलं! दिलं, दिलं, दिलं! कॉफी घ्या!"

मलाही उमाळा आला. "आणि माझ्याकडूनही दिलं!" मी ओरडलो. "अहो, मी केव्हापासून द्यायला बसलोय, कुणी मागायलाच येईना!"

आतून इनआमने जीभ वळवून अशी आनंदाची किलकारी दिली, की खालच्या गल्लीतली मांजरं पळाली. सतरा पेले एका दमात रिकामे झाले. अबू तरादनी उठून मला मिठी मारली. ते चक्क रडत होते. "खलदून, बेटा, माफ कर. तुझ्याबद्दल आम्ही नाही नाही ते ऐकलं होतं!"

"असू दे हो," मी म्हणालो. कशाबद्दल माफ केलं ते विचारायचं राहिलं.

अबू तराद डोळे पुसत मंडळींकडे वळले. "तर ऐका सगळे. खालचं दुकान आजपासून तिघांचं. खलदूनचं, फदवाचं आणि हियामचं. हाजींनी शब्द दिलाय, सतरा साक्षीदार आहेत."

आत इनआमने कुनाफ्यात सुरी घातली, ती बाहेर स्वच्छ ऐकू आली.

"आणि सुलाफ?" मी म्हणालो.

"सुलाफचं काय?" अबू तराद म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. सगळेच एकदम बोलत होते. वडील फक्त एकच विचारत होते, "कुठली पाटी?" शेवटी सगळी मंडळी जिना उतरून रस्त्यावर आली. वडिलांनी पाटी वाचली. एकदा. मग माझ्याकडे बघितलं.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मक्याबद्दल बोललो. बियाण्याबद्दल बोललो, किडीबद्दल बोललो, ग्राहकाच्या हक्काबद्दल बोललो. रुबाची तिकिटाएवढी लेबलं खिशातून काढून दाखवली. उम्म गालिब खिडकीतून ऐकत होत्या. "मग कमजोर ते काढून टाकायचं, ते कोण?" त्यांनी वरून विचारलं.

"मका!" मी किंचाळलो. "कमजोर मका!"

बहजत पाटीकडे बघत म्हणाला, "अक्षर मात्र छान उठलंय."

अबू तराद खाकरले. भला माणूस. "हाजी, गैरसमज झाला. तुम्हाला ठाऊक नव्हतं आम्ही काय मागतोय. तुम्ही म्हणाल, तर आम्ही तुम्हाला शब्दातून मोकळं करतो. कुणी काही बोलणार नाही."

माझा जीव भांड्यात पडला. पण वडील त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि म्हणाले, "खलदून, पाटी चुकली, हे कळलं. पण मी गेल्यावर तू बहिणींपुढे तो कागद ठेवला नसतास?"

तो कागद म्हणजे कुठला, ते तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. बाप गेल्यावर भाऊ बहिणींपुढे ठेवतो तो. आम्ही आमचा हक्क खुशीने सोडतो, असं लिहिलेला.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. आता बघा, परवाचा पाव आजचा म्हणून सांगताना माझी पापणी लवत नाही. पण तो दोन अक्षरी शब्द काही बाहेर येईना. कागद मी केलेला नव्हता. पण करायचा झाला तर कुणाकडून करून घ्यायचा, ते मला माहीत होतं. वेळ आली की बहिणी हसत सही करतील, हेही मी धरून चाललो होतो. इतकं धरून चाललो होतो, की त्याला विचार म्हणावा असं कधी वाटलंच नाही.

"मी ठेवला होता," वडील म्हणाले. "माझ्या बहिणीपुढे. तिने अंगठा दिला. मग उठून माझ्यासाठी चहा केला, साखर बरोबर आहे ना विचारलं. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तो चहा अजून माझ्या घशात आहे."

वर उम्म गालिबनी हळूच खिडकी लावून घेतली.

"शब्द राहील," वडील म्हणाले. "मी गेल्यावर वाटणी झाली, तर मुलाला मुलीच्या दुप्पट. पण मी जिवंतपणी माझ्या हाताने देतोय, तेव्हा तिघांना सारखं." मग पाटीकडे काठी दाखवून म्हणाले, "आणि ती दोन बोटं डावीकडे झुकलीय."

शनिवारी फदवा आली. दुकानात शिरली, ताठ उभी राहिली आणि पर्समधून पेन काढलं. "कुठे सही करायची?"

"अगं, ती सोडायची सही नाही," मी म्हणालो. "घ्यायची आहे. बाबा उद्या कचेरीत नेणार आहेत."

"मला फोनवर सांगितलं त्यांनी. मला वाटलं, म्हातारपणामुळे काहीतरी चुकीचं बोलताहेत." ती तांदळाच्या पोत्यावर टेकली. "आई गेली तेव्हापासून हे पेन मी सोबत ठेवलंय. तू मागशील तेव्हा शोधाशोध नको. भावाकडे पेन मागून सही करायची नाही, एवढं मी ठरवलं होतं." ती पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत राहिली. "घ्यायची सही कुठल्या बाजूला करतात रे?"

मी म्हटलं, मलाही माहीत नाही. मग तिच्यासाठी चहा केला. साखर जास्त झाली. तिने तसं तोंडावर सांगितलं.

आता फदवा झरक्याहून येऊन आठवड्यातून चार दिवस गल्ल्यावर बसते. हियामचा हिस्साही तीच सांभाळते. लाल पेन घेऊन प्रत्येक डब्यावरचं प्रत्येक लेबल वाचते. शुद्धलेखन चुकलं असेल, तर माल परत! गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याला तिने टोमॅटोच्या रसाच्या डब्यावरचं स्पेलिंग दहा वेळा लिहायला लावलं. गिऱ्हाईक परत आलंय. उम्म गालिब तेलाच्या दोन-दोन बाटल्या नेतात, जाताना "किती वर्षांनी या दुकानात बरकत आली!" असं मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणतात. इंजिनियर नातवाचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत, असंही नंतर कळलं.

बिचाऱ्या रुबाचं मात्र वाईट झालं. तिने अहवाल देऊनही टाकला होता: इरबिदमधले चौऱ्याण्णव टक्के ग्राहक वारसा-बदल मालाच्या विरोधात आहेत, आणि त्यांचं मुख्य कारण म्हणजे लग्न झालेल्या मुलींची काळजी! गुरुजींनी उडी खरंच मारली, म्हणे. मग सुलाफने तिला सगळं सांगितलं. रुबा दुकानात येऊन इतकी रडली, की फदवाने तिला फुकट बिस्किटं दिली. गल्ल्यावर मी असतो, तर दिली असती की नाही, सांगता येत नाही.

पाहणी पहिल्यापासून करावी लागली. या वेळी लेबलं फदवाने स्वतः लिहिली, पूर्ण मजकुराची, स्वल्पविरामासकट. रुबा महिनाभर येत होती. शेवटच्या दिवशी तिने एक वेगळा कागद काढला.

"काका, हा दुकानदारांसाठीचा. चारच प्रश्न आहेत." तिने चष्मा वर ढकलला. "लेबल लावल्यामुळे तुमचं काही नुकसान झालं का?"

मी गल्ल्याकडे बघितलं. फदवा तिथे बसून व्यापाऱ्याचा डबा उलटा-सुलटा करून वाचत होती.

"झालं," मी हळूच म्हणालो.

"साधारण किती?"

"दोन तृतीयांश गेलं."

"बाप रे!" रुबाने लिहून घेतलं. "विक्री?"

"नाही," मी म्हटलं. "दुकान."